खरखरीत चित्रातली बाई

रायखान आपायांनी स्वतःची तपासणी शेवटची कधी करून घेतली, हे कारागांडीतल्या आमच्या केंद्रात कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारणार तरी कोण? बायकांच्या स्तनांचे क्ष-किरण फोटो वाचण्यात त्यांचं अख्खं आयुष्य गेलेलं. चाळिशी उलटलेली बाई समोर दिसली की तपासणी करून घेतलीस का म्हणून हटकायच्या. मग ती भाजीवाली असो की मंत्र्याची बायको. त्यांना उलट प्रश्न करायची कुणाची छाती नव्हती. आपाय ही आमच्याकडे मोठ्या बाईला मानाने मारायची हाक. मी, बिबिनूर, त्यांच्या हाताखाली फोटो काढायचं काम करते. माझीही नव्हती.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे नवं यंत्र आलं होतं. जुन्या यंत्रात स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबून वरून एक फोटो काढायचा. आतलं सगळं एकावर एक पडतं, आणि दाट स्तन असला की गाठ त्या पांढऱ्या गिचमिडीत दडून बसते. नव्या यंत्रात किरणांची नळी कमानीसारखी फिरते, वाटेत ठिकठिकाणहून हलके हलके फोटो घेते, आणि मग संगणक त्या सगळ्यांचा हिशेब लावून आतले थर वेगवेगळे करून दाखवतो. पुस्तकाची पानं उलटावीत तसे थर उलटत पाहायचे.

कमान किती रुंद ठेवायची, फोटो किती घ्यायचे, आणि त्यातून थर कसे उभे करायचे, हे ठरवण्याचं काम तोगझानचं. ती भौतिकशास्त्रातली. तोम्स्कला शिकून आलेली, माझ्याच वयाची, बोलायला कमी आणि हट्टाला पक्की. तिच्या मते कमान रुंद केली की थर एकमेकांपासून नीट सुटतात. अडचण एकच होती. बाईच्या अंगावर जाणारे एकूण किरण वाढवायचे नाहीत, ही अट. म्हणजे फोटो वाढवले की प्रत्येकाच्या वाट्याला किरण कमी येणार, आणि किरण कमी की फोटो खरखरीत होणार.

"ही काय चित्रं आहेत का?" रायखान आपाय पडद्यासमोर बसून करवादायच्या. "वाळूत लोळवून आणलीस. माझे डोळे फुटायची वेळ आली."

"आपाय, थर बघा ना किती छान सुटलेत."

"थर सुटले गं, पण मला दिसायला नकोत? साफ करून दे मला. काचेसारखं पाहिजे."

तोगझान साफ करायच्या मागे लागली. संगणक थर उभे करताना शेजारचे ठिपके एकमेकांशी ताडून पाहील, एखादा उगाच चमकत असेल तर त्याला खाली बसवील, असं गणित तिने बसवलं. चित्रं खरोखर काचेसारखी झाली. मग ठरलं की शे-दीडशे बायकांचे फोटो घ्यायचे, प्रत्येकीचे थर दोन्ही तऱ्हांनी उभे करायचे, एकदा खरखरीत आणि एकदा गुळगुळीत, आणि नावं झाकून रायखान आपायांनी दोन्ही संच वाचायचे. मध्ये काही आठवडे जाऊ द्यायचे, म्हणजे आधीचं डोक्यात राहत नाही.

बायका मात्र मिळेनात. बाहेर बुराणाचं, हिमवादळाचं, वारं अंगावर येत होतं, आणि सरकारी गाडी पाठवली तरी गावाकडच्या बायका गाडीत बसायला तयार नव्हत्या. जानेवारीत एकदाची कारकारालीकडून एक गाडी भरून आली, तर त्या सगळ्या कोट-शाल अंगावर तशाच ठेवून ओळीने बसून राहिल्या. पुढे कुणीच होईना. आपाय त्यांना समजावून सांगायला बाहेर आल्या. त्या बायकांत उम्सिन आजी म्हणून एक होती, पांढरा रुमाल बांधलेली, घोडीच्या दुधावर पोसलेली ठणठणीत म्हातारी. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

"ए डॉक्टरीण, तुझी झाली का?"

"माझं मी बघते, आजी."

"बघतेस ते कळलं. झाली कधी?"

आपाय डगल्याची बटणं चाचपायला लागल्या. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"तुम्हाला काय करायचंय?" त्या म्हणाल्या.

"मला काही नाही करायचं. तू आधी जा. जिवंत बाहेर आलीस तर आम्ही येऊ."

बायका तोंडावर शाली धरून हसायला लागल्या. आपाय लाल झाल्या, अंगातला पांढरा डगला काढून त्यांनी खुर्चीवर टाकला आणि मला म्हणाल्या, "चल गं."

आत आल्यावर त्यांनी ब्लाउज काढला. मी पट्टी खाली घेतली.

"हळू! मी काय कणीक आहे?"

"आपाय, सैल दाबलं तर चित्र पुसट येतं, हे तुम्हीच शिकवलंत."

"ते दुसऱ्यांसाठी शिकवलं होतं. श्वास धरू का?"

"धरा. हलू नका."

नळी फिरून गेली. दुसरी बाजू झाली. आपाय बाहेर जाऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आहे जिवंत. आता उठा." सगळ्या उठल्या. त्या दिवशी आम्हाला चहा प्यायलाही उसंत मिळाली नाही.

इतर बायकांचे फोटो चाचणीशिवाय नेहमीच्या पद्धतीनेही आपायच लगेच तपासत. स्वतःचे स्वतः तपासायचे नसतात, म्हणून मी म्हटलं, सेमेय शहरातल्या डॉक्टर ताल्गातना पाठवू का. "पाठवते मी सावकाश," आपाय म्हणाल्या. "त्याला त्याचंच काम झेपत नाहीये सध्या." मग पाहुणे आले, हिशेबतपासणी आली, नौरीझचा सण आला. फोटो तसेच राहिले. तोगझानच्या चाचणीत मात्र ते गेले होते, कारण इतर बायकांसारखी त्यांनीही संमती दिली होती. नाव झाकलं, आकडा लागला.

गुळगुळीत संच त्यांनी आधी वाचला. खूश होत्या. खुर्चीत रेलून वाचायच्या, मधूनच तोगझानला हाक मारायच्या. "ही गाठ बघ! जुन्या यंत्रात मी शंभर वेळा पाहिली असती तरी सापडली नसती. तुझ्या सासूला सांगते, सुनेला मिरव म्हणून." तोगझान लाजायची. आमचे संचालक येर्देन साबितोविच तर हवेतच होते. जूनच्या अखेरीस राजधानीत, अस्तानाला, परिषद होती, आणि तिथे ही चित्रं मोठ्या पडद्यावर लावायची स्वप्नं ते पाहत होते.

खरखरीत संचाची पाळी एप्रिलमध्ये आली. आपाय पुन्हा करवादायला लागल्या. दोन-तीन दिवस असेच गेले. मग एका दुपारी त्यांनी आम्हा दोघींना आत बोलावलं. आवाज वेगळा होता.

"हे बघा. डावा स्तन, वरचा बाहेरचा भाग. कॅल्शियमचे बारीक कण. एका रेषेत चाललेत, आणि सगळे वेडेवाकडे. असे कण दुधाच्या नळीत बसतात, आणि हे चांगलं लक्षण नाही. ही बाई कोण असेल ती, परिषद-बिरिषद राहू दे, तिला लगेच बोलवा."

तसा नियमच होता. वाचन चालू असताना नावं उघडायची नाहीत, पण कुणाला तातडीने बोलवायचं असेल तर तेवढं एक नाव तोगझानने उघडायचं. ती तिच्या खोलीत गेली. थोड्या वेळाने तिने मला हाक मारली. मी गेले तर ती संगणकासमोर नुसती बसलेली. पडद्यावर नाव होतं. मी ते दोनदा वाचलं.

"गुळगुळीत संचात याच फोटोंवर त्यांनी काय लिहिलंय माहितेय?" तोगझान म्हणाली. "काही नाही. निर्धोक."

"म्हणजे कण तिथे नव्हतेच?"

"असतील. माझ्या गणिताने पुसून टाकले."

कोणी सांगायचं, कसं सांगायचं, यावर आमची कुजबुज चालली होती, तेवढ्यात आपायच चहाचा वाडगा हातात घेऊन दारात आल्या.

"बोलावलं का तिला?"

तोगझानने खुर्ची सरकवून पडद्यावरचं नाव झाकलं.

"फोन उचलत नाही का? दे इकडे नंबर. मी बोलले की येतात. काय गं, तोंडं काय झालीत तुमची? मेली का ती?"

"आपाय," तोगझान उभी राहिली. "ती बाई तुम्ही आहात."

आपाय वाडगा ठेवायला जागा शोधू लागल्या. टेबल समोर होतं तरी त्यांना जागा सापडेना. मी वाडगा हातातून घेतला.

"ती म्हातारी आली होती, त्या दिवशीचे?"

"हो."

"दोन्ही लाव शेजारी शेजारी."

तोगझानने लावले. आपाय खुर्चीत बसल्या, चष्मा पुसला, आणि रोज मला लिहायला सांगतात त्याच सुरात बोलायला लागल्या. "स्त्री, वय अठ्ठावन्न. स्तन दाट. उजवीकडे विशेष काही नाही. डावीकडे..." तिथे त्यांचा हात आपोआप स्वतःच्या छातीवर गेला, आणि त्या थांबल्या. मग त्या गुळगुळीत चित्राकडे वळल्या. तिथे, त्याच जागी, मऊ राखाडी ढगासारखं काहीतरी होतं. कण नव्हते.

"हिला मी घरी पाठवली होती," त्या म्हणाल्या.

"तुम्ही नाही, आपाय. मी चित्रच चुकीचं दिलं."

"मागत कोण होतं? काचेसारखं दे, काचेसारखं दे, म्हणून तुझा जीव कुणी खाल्ला?" त्या उठल्या. "रडू नकोस. रडायचं असेल तर मी गेल्यावर रड. बिबिनूर, जुन्या यंत्रावर मोठं करून एक फोटो घे माझा. आत्ता. आणि ताल्गातला फोन लाव, मी बोलते."

फोटो घेताना त्यांनी एकदाही मला हळू दाब म्हटलं नाही. पट्टी वर गेली तरी त्या तशाच उभ्या होत्या, श्वास धरून. "आपाय, झालं," मी म्हटलं, तेव्हा त्यांनी श्वास सोडला. मग म्हणाल्या, "माझ्या मुलीला अजून सांगू नकोस. तिची परीक्षा आहे."

सुईने तुकडा काढून तपासला. निदान आलं ते कर्करोगाचंच, पण अगदी सुरुवातीचं. नळीच्या आतच होता, भिंत ओलांडून बाहेर पडला नव्हता. आणखी वर्ष-दोन वर्षं राहिला असता तर गोष्ट निराळी झाली असती. शस्त्रक्रियेची तारीख ठरली.

इकडे तोगझानने संचालकांना जाऊन सांगितलं की परिषदेत ती ही चित्रं दाखवणार नाही. मी तेव्हा कसलीशी सही घ्यायला तिथे गेले होते, म्हणून ऐकलं.

"एका बाईमुळे?" येर्देन साबितोविच म्हणाले.

"एक नाही. वाचन पूर्ण झालं, सगळी नावं उघडली. चार जणींचे कण गुळगुळीत चित्रात गेलेत. बाकी तिघींचे कण त्यांच्या नेहमीच्या तपासणीत सापडले होते, म्हणून त्या वाचल्या."

"आणि त्याच चित्रांत गाठी किती जास्त सापडल्या ते का सांगत नाहीस? ते सांग. कणांचं पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षापर्यंत ही चित्रं कुणीतरी वापरायला लागेल, साहेब."

"तू फार भावनेच्या भरात आहेस. रायखानमुळे."

"आहे," तोगझान म्हणाली. "तरीही नाही दाखवणार."

ते बराच वेळ पेन आपटत बसले. शेवटी म्हणाले, जायचं तर आहेच, नाव दिलंय, काय दाखवायचं ते तू बघ. पण मला तिथे तोंडघशी पाडू नकोस.

तोगझानच्या मनातून रुंद कमानच उतरली होती. सगळं मोडून यंत्राच्या मूळच्या अरुंद कमानीवर यावं असं तिला वाटत होतं. शस्त्रक्रियेनंतर आम्ही दोघी आपायांना भेटायला गेलो, घरचे बौर्साक, तळलेले पिठाचे गोळे, घेऊन. आपाय उशीला टेकून बसल्या होत्या, चेहरा उतरलेला, पण जीभ होती तशीच.

"मोडणार म्हणजे? मला ज्या गाठी दिसल्या त्या काय स्वप्नात दिसल्या?"

"पण कण..."

"मग कण राहतील असं कर. त्यासाठीच तुला पगार देतात ना? माझ्या डाव्या बाजूचा तुकडा गेला तो तू काम सोडावंस म्हणून नाही गेला. आण ते बौर्साक इकडे. इथे नुसती लापशी देतात."

दुसऱ्या दिवशी तोगझान बाजारातून मेंढीच्या शेपटीची चरबी घेऊन आली. आमच्याकडच्या मेंढ्यांच्या शेपटीला ही चरबी थुलथुलीत लोंबत असते. लग्नाच्या मेजवानीत व्याह्यांच्या तोंडात भरवतात, तीच. तिने चरबी आणि मांसाचे पातळ थर एकावर एक रचले, स्तनासारखी जाडी केली, आणि मध्ये अंड्याच्या टरफलाचा चुरा चाळून चाळून निरनिराळ्या बारकाईचे कण पेरले. टरफल म्हणजे कॅल्शियमच. मी पट्टीखाली ते गाठोडं दाबलं आणि म्हटलं, "श्वास धरा." किती दिवसांनी ती हसली.

पुढचे काही आठवडे आम्ही ती चरबीच तपासत होतो. दर दोन-तीन दिवसांनी नवी आणावी लागे. बाजारातला विक्रेता तिला विचारायचा, घरात किती लग्नं आहेत गं तुझ्या? कमान थोडी कमी कर, फोटो कमी कर, पुन्हा वाढव, नळी हळू फिरव. नळी फिरता फिरताच फोटो निघतो, त्यामुळे बारीक कण थोडा फरफटतो, हेही तेव्हा नीट दिसलं. कुठला कण कधी नाहीसा होतो हे हळूहळू कळत गेलं.

एक दिवस ती मला पडद्याशी घेऊन बसली आणि थर न लावलेले मूळ फोटो एकामागून एक दाखवायला लागली. "हा ठिपका बघ. या फोटोत आहे, पुढच्यात नाही. म्हणजे ही खरखर. आणि हा बघ. यात आहे, पुढच्यात किंचित सरकलाय, त्याच्या पुढच्यात आणखी सरकलाय. नळी जशी पुढे जाते तसा हा मागे जातो, आणि किती मागे जायचं ते त्याच्या खोलीवर ठरतं. खरा कण सगळ्या फोटोंत रांगेने येतो. खरखर अशी रांगेत येऊच शकत नाही."

"मग तुझं गणित हे का बघत नव्हतं?"

"कारण मी ते थर झाल्यावर साफ करत होते. तोवर दोन्ही सारखेच दिसतात. मी आधी विचारायला हवं होतं."

तिने दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे सगळ्या फोटोंना किरण सारखे वाटायचे सोडून, मधल्या सरळ फोटोला मोठा वाटा दिला आणि त्या क्षणी नळी थांबवली. कण तिथे ठसठशीत येतो. उरलेले किरण कडेच्या फोटोंना. ते थर सोडवण्यापुरते पुरतात. दुसरी म्हणजे साफ करायच्या आधी संगणक मूळ फोटोंत रांगेने येणारे ठिपके हुडकतो आणि त्यांना हात लावत नाही. बाकीचं गुळगुळीत करतो. टरफलाचे जे कण गेले होते त्यातले बहुतेक परत आले. अगदी बारीक चाळणीतले आले नाहीत.

जुन्या बायकांचे किरण काही नव्याने वाटता येणार नव्हते, पण त्यांचे मूळ फोटो होते. त्या चौघींवर दुसरा उपाय लावून पाहिला. तिघींचे कण गुळगुळीत चित्रात दिसायला लागले, आपायांचेही. चौथीचे नाही. तोगझानने काय काय केलं, पण ते दिसेनात.

अस्तानाच्या परिषदेत तिने सगळ्यात आधी ती चार चित्रं दाखवली. येर्देन साबितोविच पहिल्या रांगेत घाम पुसत होते म्हणे. तिने सांगितलं की ही सुंदर चित्रं आहेत आणि ही वाचून आम्ही चार बायकांना घरी पाठवलं असतं. मग चरबीचे प्रयोग दाखवले, मग सुधारलेली तीन चित्रं, आणि शेवटी चौथं, जसं होतं तसं. टाळ्या फार पडल्या नाहीत. पण चहाच्या वेळी ताश्कंदहून आलेले दोघे तिला घेरून उभे राहिले, आणि त्यांनी आपलं नवं गुळगुळीत गणित पुन्हा तपासून बघतो म्हणून सांगितलं. परतीच्या गाडीत कारागांडी जवळ आल्यावर संचालक म्हणाले, "निदान तू पडलेल्या आवाजात नाही बोललीस."

आपायांची किरणांची उपचारफेरी उन्हाळ्यात संपली. ऑगस्टमध्ये त्या कामावर आल्या, अर्धाच दिवस. पहिल्याच दिवशी त्यांनी केंद्रातल्या चाळिशीपुढच्या सगळ्या बायकांना, झाडलोट करणारीपासून हिशेबनीस बाईपर्यंत, माझ्या खोलीसमोर रांगेत उभं केलं, आणि सगळ्यांचे फोटो स्वतः बसून सेमेयला पाठवले.

पुढच्या वसंतात त्यांची स्वतःची वर्षाची तपासणी आली. सकाळी मी फोटो घेतले, लगेच ताल्गातकडे गेले. मग आपाय खाणावळीत जाऊन बसल्या. मी त्यांच्यासाठी लाघमान आणलं. त्यांनी काट्याला शेवया गुंडाळल्या, सोडल्या, पुन्हा गुंडाळल्या.

"बिबिनूर, बाकीच्या बायका या वेळात काय करतात गं?"

"कुठल्या वेळात?"

"आपण उद्या फोन करतो म्हणून सांगतो, आणि त्या घरी जातात. त्या वेळात."

"स्वयंपाक करत असतील," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. फोन टेबलावर उताणा ठेवलेला होता. तोगझान दोनदा दारातून डोकावून गेली. बाहेर बर्फ वितळून अंगणात चिखल झाला होता आणि कुणीतरी फावड्याने पाण्याला वाट करून देत होतं. जेवणाची वेळ टळून गेली तेव्हा फोन वाजला. आपायांनी उचलला, ऐकलं, डोळे मिटले, उघडले.

"नीट पाहिलंस ना? दोन्ही बाजू? मूळ फोटो उघडून पाहिलेस?... हं... हं. बरं." मग एकदम त्यांचा आवाज चढला. "आणि सकाळपासून काय झोपला होतास? माणसाला इतका वेळ ताटकळत ठेवतात?"

फोन ठेवून त्यांनी थंडगार लाघमान पुढे ओढलं आणि खायला सुरुवात केली.